कोपऱ्यातली खुर्ची

माझी मुलगी सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि जेवायला बसली की ताट भिरकावायची. वरण भिंतीवर, वाटी दाराबाहेर. बाभुळगावात आमचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाची ती वाईट वर्षं. दुरुस्तीलाही कुणी फिरकत नसे. म्हणूनच तिच्या वडिलांना तिला रोज एस.टी.नं यवतमाळच्या विशेष शाळेत नेता आलं.

लोक सल्ले देत. कुणी म्हणे चटका द्या, कुणी म्हणे तोंडात लिंबू पिळा. शेवटी तिच्या वडिलांनी शाळेतल्या बाईंनाच विचारलं, "मॅडम, दोन फटके मारले तं थांबन का हे?"

बाई तरुण होत्या, मुलांच्या वागण्याचं शास्त्र शिकून आलेल्या. म्हणाल्या, "मारायचं नाही, दुखवायचं नाही. आमच्याकडेही शिक्षा असते, पण तिचा अर्थ वेगळा. मुलानं काही केलं की लगेच आपण काहीतरी बदलायचं. त्यामुळे त्याचं ते करणं कमी झालं, तरच ती शिक्षा."

कौतुक करून, समजावून त्यांनी आधीच पाहिलं होतं. आता ताट फेकलं की न रागावता तिला उठवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर थोडा वेळ बसवायचं, असं त्यांनी सुचवलं. "तुम्हा दोघांना पटत असेल तरच," म्हणाल्या. आम्ही होकार दिला.

काही दिवसांनी आम्ही दोघंही डब्याच्या सुट्टीत खिडकीशी उभे होतो. आत ताटं-डब्यांचा खणखणाट, पोरांचा कल्ला. माझ्या मुलीनं घासही न घेता ताट फेकलं आणि स्वतःच उठून खुर्चीवर जाऊन बसली. पाय हलवत गुणगुणायला लागली.

"हे तं खुश दिसून राह्यली!" तिचे वडील हसले.

बाई हसल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, माझं चुकलं. फेकणं कमी नाही, वाढलंय. तिला हा गोंगाट सोसत नाही. ताट फेकलं की इथून सुटता येतं, हे मीच तिला शिकवलं."

तोवर जो तो चूक आमच्यात शोधायचा. माझ्या लाडात, नाहीतर आमच्या घराण्यात. स्वतःची चूक आमच्यासमोर उभं राहून सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

खुर्ची त्याच दिवशी बंद झाली. गोंगाट नकोसा झाला की कानावर तळवा ठेवायचा, एवढं बाई तिला शिकवू लागल्या. तिनं ठेवला रे ठेवला, की लगेच तिला व्हरांड्यात न्यायच्या. ताटासकट.

एका दुपारी घरी कुकरची शिट्टी झाली. तिनं ताट उचललं. तिनं ते खाली ठेवलं आणि तळवा कानावर नेला. मी तिला अंगणात नेलं. मागोमाग तिचे वडील दोन ताटं घेऊन आले आणि मातीतच मांडी घालून बसले. "इथंच जेवू आता," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मुलगी अजूनही बोलत नाही, पण पोटभर जेवते.

बाईंची बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला घरी आल्या. मला कितीतरी बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, जेवून जा."

त्या थांबल्या. भाकरी-पिठलं खाल्लं, आणि ठेचा मागून घेतला.