सुधीरचा मासा, माझ्या कोळंब्या

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण अर्धवट टाकून हा माणूस निघून गेला होता. महिना उलटला, तरी तो राग काही उतरत नाही.

ठाण्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी. तो डोंबिवलीचा, मी ठाकुर्लीचा. सत्त्याऐंशीच्या सुमारास एका ओळखीच्यांकडे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाहिली आणि आम्ही दोघंही वेडे झालो. माझ्या एका खोलीत टाकी मावणार नव्हती, म्हणून ती त्याच्या हॉलमध्ये बसली. मासा त्याचा, कोळंब्या माझ्या असं ठरलं. अलिबागहून समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

त्याने लायनफिश आणला. पिसारा फुलवून संथ फिरणारा, दिसायला राजबिंडा, खायला राक्षस. मी आणल्या लाल अंगावर पांढरा पट्टा असलेल्या नाजूक कोळंब्या. "ये दोनों साथ में नहीं जमेगा," दुकानदाराने बजावलं होतं. सुधीर म्हणाला, "पोट भरलेलं असलं की तो कशाला त्रास देईल?" आणि खरं सांगायचं तर जमलं. बाजारच्या कोळंबीचे तुकडे रोज मिळत होते तोवर तो मासा माझ्या कोळंब्यांकडे ढुंकूनही बघत नसे. उलट कोळंब्याच त्याच्या गालावर चढून साफसफाई करायच्या आणि तो निमूट करून घ्यायचा. ते बघत आम्ही तासन्‌तास बसायचो...

मग श्रावण आला. सुधीरच्या घरी श्रावणात कोळंबीचं सालही आत यायचं नाही. त्याने माशाला उकडलेले मूग घातले. माशाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. काही दिवसांत माझी एक कोळंबी नाहीशी झाली, मग दुसरी.

"कात टाकलीय रे. दगडामागे लपली असेल," सुधीर म्हणाला.

"मग कात कुठाय?"

"ती माशाने खाल्ली असेल."

"कात खाल्ली आणि कोळंबी सोडली?"

"चहा घेणार का?"

हे दर वर्षी. गौरी-गणपती झाले की मी नव्या कोळंब्या आणायचो, पुढच्या श्रावणात त्या गडप. माशाचं खाणं मी घरून डब्यातून आणतो म्हटलं, तर "नको, आईने सांगितलंय, माशांनाही श्रावण पाळू दे. तिला दुखवायचं नाही मला." ऑफिसात साहेबाला न जुमानणारा हा माणूस आईपुढे अवाक्षर काढत नसे. शेवटी शेवटी मला कोळंब्यांचंही फार वाटेनासं झालं. "माझ्या माशानेच खाल्ल्या," एवढं त्याने एकदा कबूल करावं, बस्स. ते न करताच आषाढात एका संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसला आणि गेला.

श्रावण लागल्यावर त्याच्या घरी गेलो. मासा कोपऱ्यात मलूल पडला होता, माझी एकही कोळंबी उरली नव्हती. काकूंनी, म्हणजे सुधीरच्या आईने, माझ्या हातात पिशवी दिली.

"बाजारातून थोडी कोळंबी आण रे. त्याचा मासा उपाशी आहे."

"काकू, श्रावण आहे."

"असू दे. मुक्या जिवाला कसला श्रावण?"

"पण माशांनाही पाळू दे, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"अरे, थट्टेत म्हटलं असेन कधीतरी. त्याने मला विचारलंच नाही रे पुन्हा..."

पिशवी घेऊन जिना उतरताना मी सुधीरला मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथे छापता येणार नाही.

आता ऑफिस सुटलं की मी डोंबिवलीला उतरतो. काकूंनी कोळंबी सोलून वाटीत ठेवलेली असते. मी चिमट्यात एकेक तुकडा धरतो, मासा येऊन खातो. "तुझ्या कोळंब्या आण की आता," काकू म्हणतात. दुकानापर्यंत जाऊन मी परत आलो. आणल्या तर यंदा त्या श्रावणभर जगतील, मला माहीत आहे. मी खरा ठरेन, आणि ते ऐकायला तो नसेल.