कुंदाची मातीची किटली

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या मंडईत वालाच्या शेंगा निवडत होते. तिचा मुलगा निखिल "मावशी..." एवढंच म्हणाला. शेंगा तशाच टाकून मी निघाले. अपेक्षित होतं हो, दोन वर्षं अपेक्षितच होतं. पण म्हणून काही कमी लागत नाही. आज दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला बसले की आजारपण आठवत नाही, ती किटलीच आठवते.

घाटकोपरच्या एका शाळेत आम्ही दोघींनी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. ती रसायनशास्त्र, मी मराठी. निवृत्तीनंतर तिचा एक जुना विद्यार्थी तैवानहून आला, पाया पडला आणि ऊलाँग चहाचं पाकीट देऊन गेला. मिऱ्यांसारख्या घट्ट गोळ्या, गरम पाणी ओतलं की अख्खं पान उलगडतं. पहिला घोट घेऊन मी म्हटलं, "कुंदे, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? दूध कुठाय?" ती म्हणाली, "मंजे, तुझी जीभ आलं खाऊन खाऊन निबर झालीय. गप पी." मी प्यायले. तिसऱ्यांदा पाणी ओतलं तेव्हा कुठे मला त्यातली गोडी कळली, पण ते मी तिला लगेच सांगितलं नाही.

मग तिनं किटलीचा ध्यास घेतला. स्टीलचं भांडं तिला चालेना, काचेत चहा लवकर निवतो म्हणे. मातीचीच हवी आणि आतून झिलई नसलेली. अशी माती दर वेळी थोडा चहा पिते आणि वापरून वापरून मुरते. म्हणून तिच्यात दुसरा कुठला चहा करायचा नाही, साबण तर लावायचाच नाही. बाईसाहेब पर्समध्ये गरम पाण्याचा थर्मास घेऊन हिंडायच्या आणि हमालीला मी. दुकानदाराला विचारून ती किटलीत पाणी ओतायची, ओतताना झाकणाच्या भोकावर बोट दाबायची. धार थांबली तर झाकण घट्ट बसतंय. मग धार तोडून बघायची. शेवटचा थेंब चोचीखाली ओघळला की किटली नापास. शेवटी आत नाक घालून वास घ्यायची. रंगाचा वास आला की मुकाट्यानं खाली ठेवायची. बोरिवलीच्या एका प्रदर्शनात विक्रेता वैतागला, "मॅडम, चहाच करायचाय ना?" "हो ना, म्हणूनच तर," ही म्हणाली आणि पुढच्या किटलीत पाणी ओतलं. मला मेलीला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं.

अशा सात-आठ किटल्या नापास झाल्या, आणि मग तिचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी निखिलला बाहेर नेऊन सांगितलं ते तिनं आत बसून ओळखलं. दुसऱ्या दिवशी मला फोन, "जुहूला एक दुकान कळलंय. शनिवारी येतेस?"

गेलो. तासभर झाला, माझा गुडघा ठणकत होता, आणि कुंदा दोन किटल्यांमध्ये अडकलेली. दोन्ही तांबूस, मोठ्या पेरूएवढ्या. दुकानातली बाई कौतुकानं म्हणाली, "मावशी, वीस वर्षं वापरलीत ना, तर नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहाचा वास येईल." झालं, माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, राग किटलीचा नव्हता. कुंदा एवढी शांत कशी उभी राहते, हेच मला सोसत नव्हतं. मी म्हटलं, "घे ना गं कुठलीही! वीस वर्षं कुठं राहणार आहेस तू?"

दुकानातली बाई खाली बघायला लागली. कुंदाचं बोट झाकणाच्या भोकावरच होतं. तिनं धार पूर्ण थांबेपर्यंत पाहिलं, मग म्हणाली, "ही द्या." रिक्षात बसल्यावर मला विचारलं, "गुडघा कसाय?"

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता मी तिच्याकडे. एकदा धीर करून सुरुवात केली, "कुंदे, त्या दिवशी जुहूला मी..." तर म्हणाली, "चहा कडू होतोय, आधी ओत." मी ओतला. पुन्हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. आणि मग राहूनच गेलं...

सुतक फिटायच्या दिवशी मी तिच्या घरी गेले तर घर धुणं चाललेलं. निखिलची आत्या, अक्का, ऐंशीच्या पुढची, खुर्चीत बसून सूचना देत होत्या. गॅलरीतला माठ खाली कचऱ्यात गेला होता, आणि दाराशी कचऱ्याच्या पिशवीत वर ती किटली! मी ती उचलून छातीशीच धरली.

"ठेव ती खाली," अक्का म्हणाल्या. "सुतकातलं मातीचं भांडं घरात ठेवत नाहीत. तांबं-पितळ घासून घेता येतं. माती सगळं पिऊन बसते."

"अहो अक्का, म्हणूनच तर घेतली होती तिनं!" मी ओरडलेच. दहा माणसं बघत होती, निखिल फडकं हातात धरून उभा. आणि मग मला आवरेना. जुहूचं ते दुकान, माझं ते वाक्य, सगळं मी भडाभडा ओकले. "तिची माफी मागायची राहिली हो... ही टाकलीत तर मी मागू कुणाकडे?"

अक्कांनी माझ्या छातीशी धरलेल्या किटलीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. झाकण काढून आत वाकल्या, वास घेतला. दोन वर्षांत माती कितीशी मुरणार? पण त्यांचे डोळे भरून आले.

"या घरातून ही जायलाच हवी," त्या म्हणाल्या आणि किटली माझ्या हातात दिली. "कुठं जायची ते काही शास्त्रात सांगितलेलं नाही. ने तू."

आता ती मुलुंडला माझ्या ओट्यावर आहे. आमच्या ह्यांना बजावलंय, हात लावायचा नाही आणि चुकून आल्याचा चहा केलात तर याद राखा. रोज चार वाजता गरम पाण्यानं ती आधी शेकवून घेते, मग पानं टाकते. झाकणावर बोट ठेवलं की मोठ्यानं म्हणते, "चुकलं गं माझं." ह्यांनी पहिल्या दिवशी आतून विचारलं, "कुणाशी बोलतेस?" आता विचारत नाहीत.

मी एकसष्टची आहे. वीस वर्षं मला तरी कुणी लिहून दिलीत? पण कुंदे, दोन तू घातलीस ना त्यात. पुढची मी घालते, जमतील तेवढी.