कव्हराखालचा हिमालय

आमच्या शाळेत भूगोलाचा तास असला की नकाशा खुंटीला टांगायला बाबा यायचे. ते त्याच शाळेत शिपाई होते. नकाशा कापडी होता आणि गुंडाळून गुंडाळून नेमका हिमालयाच्या जागी फाटला होता. बाबांनी मागून पट्टी चिकटवली होती. त्या शाळेतून निघालेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज मी अमेरिकेतल्या नोव्हाय शहरात गाड्यांची इंजिनं थंड ठेवण्याचं काम करतो. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना मला अजूनही याचं नवल वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. आईने मला शिलाई मशीन शोधून आणायला लावलं आणि जुन्या साड्यांची कव्हरं शिवायचा सपाटा लावला. मिक्सरला कव्हर, मायक्रोवेव्हला कव्हर, टेबलाखालच्या माझ्या कॉम्प्युटरलाही झालर लावलेलं, अस्तराचं कव्हर. आमच्याकडे चांगली वस्तू उघडी ठेवत नाहीत. मला ते इतकं घरचं वाटलं की मी फक्त पुढची झालर उचलून बटण दाबायचो.

बाबांचे गुडघे गेलेले, बाहेर थंडी. त्यांना कुठे फिरवणार? म्हणून मी कॉम्प्युटरला जोडलेला माझा व्हीआर हेडसेट, चहूकडे आभासी जग दाखवणारा तो जाडजूड चष्मा, त्यांच्या डोळ्यांवर चढवला. हिमशिखर चढण्याचा एक गेम खास त्यांच्यासाठी घेतला होता. त्यात पाय लागत नाहीत. खुर्चीत बसून, दोन्ही हातांत कंट्रोलर धरून, एकेक कपार पकडत वर जायचं. बाबांनी पहिली कपार पकडली आणि मान वर केली.

म्हणाले, "एवढा असतो होय?"

आयुष्यभर जो पर्वत त्यांनी खुंटीला टांगला, तो आज त्यांच्यासमोर उभा होता. मी नुसता त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिलो.

पण थोडं वर गेलं की चित्र अडखळायचं. बाबांनी मान वळवली की डोंगर क्षणभर मागे राहायचा आणि मग धक्का देऊन यायचा. त्यांना गरगरायचं. दरवेळी अर्ध्या वाटेवर हेडसेट काढून ते डोळे मिटून बसायचे.

"राहू दे रे," एकदा म्हणाले. "शिखर काय पळून जातंय?"

शिखर पळणार नव्हतं, पण बाबा जाणार होते. महिनाअखेरीला परतीचं विमान होतं. आणि आणखी एकदोनदा असं झालं तर ते हेडसेटला हातही लावणार नाहीत, हे मला कळत होतं.

दोष ग्राफिक्स कार्डाचा, असं मी धरूनच चाललो. ही सगळी दृश्यं काढणारं ते कार्ड मी पहिल्या नोकरीत घेतलेलं. नवा गेम त्याला झेपत नसणार. बदलायचं, पण कधी? ऑफिसातल्या नागपूरच्या मित्राला विचारलं.

"थांब ना यार. कार्डांची नवीन सिरीज येऊन राहिली. आता घेशील अन् मग रडशील."

"बाबा महिनाअखेरीला जातायत."

डब्याचं झाकण लावता लावता तो थांबला. "मग आजच घे ना बे."

शनिवारी सकाळी मी नवं कार्ड ऑनलाइन निवडलं. ते आत मावेल का, हे मोजायला टेप घेऊन टेबलाखाली शिरलो आणि पहिल्यांदाच आईचं कव्हर पूर्ण वर ओढलं. तोंडावर भपकन गरम हवा आली. गरम हवा बाहेर जायच्या जाळ्या मागे आणि वर होत्या, त्या दोन्ही अस्तरासकट झाकलेल्या. कार्ड तापत होतं आणि तापलं की आपणहून मंद होत होतं.

मी टेबलाखालूनच सांगितलं, तसे बाबा खुर्चीत हसून हसून वाकले.

"कंपनीत गाड्यांची इंजिनं थंड ठेवतो, आणि घरच्याला स्वेटर घालून बसलाय!"

"मी धूळ बसू नये म्हणून शिवलं हो," आई फणकारली. "आणि तुम्ही हसू नका. तुमच्या त्या नकाशाला माझं कव्हर असतं ना, तर फाटला नसता!"

कव्हर काढून ठेवलं आणि कॉम्प्युटर जरा थंड होऊ दिला. मग बाबांना पुन्हा हेडसेट चढवला. मान वळवली, डोंगर त्यांच्याबरोबर वळला. पुन्हा वळवली, पुन्हा वळला. त्यांचे हात एकामागून एक हवेत वर जायला लागले. आई भाजी निवडायची थांबली. मधे एकदा ते दम खायला थांबले, तेव्हा आम्हीही श्वास रोखला.

मग हात खाली आले.

"बाबा, पोचलात?"

त्यांनी मान डोलावली. हळूच चपला काढून बाजूला सारल्या. सावकाश चारी दिशांना बघितलं. मला वाटलं आता बर्फाबद्दल काही बोलतील. ते मात्र वाकले आणि त्यांनी एक कंट्रोलर मांडीवर ठेवून तो रिकामा हात खाली केला.

"अगं, ये ना. इथून सगळं दिसतंय. धर हात."

"अहो, मला कुठे दिसतंय," आई म्हणाली. पण पदराला हात पुसून उठली. जवळ जाऊन तिने त्यांचा हात धरला, आणि सपाट गालिच्यावर, साडी किंचित उचलून, जपून एक पाऊल वर टाकलं.

माझं जुनं कार्ड टेबलाखाली शांतपणे चालत होतं.