झाकणावरचं स्वस्तिक

उस्मानपुऱ्यातले आमचे शेजारी मारोतराव दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडीचं इंजिन स्वतः धुतात. दुसऱ्याचा हात लागला की लई खेकसतात. बॅटरीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, शाम्पू लावून जुन्या टूथब्रशनं कोपरान् कोपरा घासायचा. शेवटी एअर फिल्टरच्या झाकणावरचं गेल्या वर्षीचं कुंकवाचं स्वस्तिक पुसायचं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, मनकर्णाबाई, नवं काढायच्या.

यंदाही हाताच्या सवयीनं त्यांनी ते पुसलं आणि फडकं बादलीत पिळलं. पाणी लालसर झालं, तसे ते थबकले. मनकर्णाबाईंना जाऊन चारच महिने झालेत.

“काका, यंदा तुमच्याकडं सण नाय, मग पुसलं कशाला?” मी बोलून गेलो. जळो माझी जीभ!

आठवडा झाला, मारोतराव ती बादली कुणाला ओतू देत नाहीत.