शैलाआक्काची फडकी

ज्यांनी शैलाआक्काला शाळेतून घालवलं, त्या सगळ्यांच्या स्टेटसला आज तिचा फोटो आहे.

माझ्याही.

आक्का काल दुपारी गेली. हार्ट अटॅक. वय छप्पन्न. आज सकाळी वडगावात मातीला गेले होते, आत्ता घरी येऊन हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आक्का वडगावच्या विणकर घरातली. लग्न होऊन पुण्याला गेली, तिथं जपानी शिकली, एका कंपनीत ट्रान्सलेटर झाली. नवरा वारल्यावर भावाकडे परत आली. आणि बेळगावजवळच्या आमच्या मराठी शाळेत दर शनिवारी, फुकट, तिसरी-चौथीच्या पोरांना जपानी शिकवायला लागली.

मी त्या वर्गाची बाई.

सुरुवातीला सगळ्यांनी थट्टाच केली. मराठी, कानडी, इंग्रजी, तिन्हीत पोरं गटांगळ्या खातायत, ही चौथी कशाला, असं स्टाफरूममध्ये मीच म्हणाले होते.

मग पोरं बघितली. सकाळी गेटवर कमरेत वाकून 'ओहायो गोझाइमास'. दुपारी बिसी ऊटच्या, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाच्या, ताटापुढे हात जोडून 'इतादाकिमास'. हे जेवण ज्यानं पिकवलं, ज्यानं रांधलं, त्याच्यासाठी म्हणायचं, असं आक्कानं सांगितलेलं. तर पोरं उठून थेट स्वयंपाकघरात गेली आणि भात शिजवणाऱ्या मावशींपुढे वाकली.

मावशी पदरात तोंड लपवून हसत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी साधं थँक्यू म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग आक्का एकदा वर्गाच्या दारात थांबली. जपानमध्ये शाळा पोरंच साफ करतात, सगळी, पाळीपाळीनं. "बाई, हे बी दावू का पोरास्नी?"

मी म्हटलं, दाव की, त्यात काय विचारायचं.

आमची शाळा तोवर झाडली जात नव्हती असं नाही. रोज झाडली जायची. चौथीच्या मुली झाडायच्या, प्रार्थनेच्या आधी अर्धा तास येऊन. कोपऱ्यात कचरा राहिला की मी त्यांना रागवायचे. मुलगे तोवर ग्राउंडवर क्रिकेट खेळायचे.

यात कधी कुणाला काही खटकलं नाही.

आक्कानं भावाच्या पॉवरलूमवर उरलेल्या कापडाची फडकी शिवून आणली. प्रत्येक फडक्यावर त्या त्या पोराचं नाव, जपानी अक्षरांत, लाल दोऱ्यानं. मुलींना दिली. मुलग्यांनाही दिली.

ओणवं व्हायचं, दोन्ही हातांनी फडकं फरशीवर दाबायचं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचं. पोरांची शर्यत लागायची. शनिवारी एक पोर गैरहजर राहीना.

झालं काय, शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा आपलं फडकं घरी घेऊन गेला. नाव दाखवायला. आणि आई बाहेरच्या सोप्यातली फरशी पुसत होती तर तिला बाजूला सारून तोच पुसायला लागला. समोर पाहुणे बसलेले.

दोन दिवसांत मीटिंग.

अध्यक्ष म्हणाले, "भाषा शिकवा म्हनून हो म्हटलंतं. माझ्या पोराला फरशी पुसाय लावा म्हनून न्हाय."

आक्का शांतपणे म्हणाली, "पोरी झाडत होत्या तवा कोन आलं न्हाय ते मीटिंगला?"

पोरींना सवय असलेली बरी, असं कुणीतरी बोललं. माना डोलल्या. बायकांच्याही.

मग हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या बाईला हे करायची परवानगी कुणी दिली?

मला त्या वर्षी निपाणीला बदली हवी होती, माहेराजवळ. अध्यक्ष वर शब्द टाकणार होते.

मी म्हटलं, "मला काही माहीत नव्हतं."

आक्कानं माझ्याकडे एकदाच बघितलं.

"व्हय. बाईंना न्हवतं ठाऊक. माझंच चुकलं."

शनिवार बंद झाला. सोमवारपासून मुली परत अर्धा तास आधी यायला लागल्या. माझी बदली काही झाली नाही, तेही सांगून टाकते.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आमच्या शाळेपासून वडगाव म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. मी एकदाही गेले नाही. कधी वेळ नव्हता, कधी तोंड नव्हतं.

आज अध्यक्षांनी लिहिलंय, 'आमच्या शाळेत जपानी संस्कार रुजवणारी थोर माऊली हरपली.' खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

संस्कार म्हणे. फडकं हातात दिसलं तेव्हा कुठं गेले होते संस्कार?

पण मी कुणाला काय बोलू.

मातीहून परतताना आक्काच्या भावानं मला थांबवलं. "तुमीच न्हवं त्या बाई? आक्का लई नाव काढायची तुमचं. म्हनायची, सगळी हसायलीती तवा त्या बाईंनीच मला वर्गात घेतलं."

मी मान हलवली आणि रिक्षात बसले. तिथंही खरं बोलायचं धाडस झालं नाही.

म्हणून इथं लिहिते. अध्यक्ष, हेडमास्तर, सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, नीट वाचा. परवानगी मी दिली होती. त्या दिवशी आक्का खोटं बोलली ती मला वाचवायला, आणि मी तिला बोलू दिलं.

आक्का, दीड वर्षात मी एकदा जरी आले असते तर तू दार उघडलं असतंस, आत बोलावून चहा टाकला असतास. आज भावाच्या बोलण्यावरून ते कळलं.

तेच सहन होत नाही.

श्रद्धांजली वाहायचं माझं तोंड नाही. नुसता निरोप घेते. जा, आक्का.