कॉम्प्युटर विकू न देणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाईंना घरात बिनकामाची वस्तू खपत नसे. शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की त्या खोल्यांतून फिरत, एखादी वस्तू उचलून वर धरत आणि विचारत, "हे कोण वापरतं?" उत्तर चटकन आलं नाही, तर संध्याकाळपर्यंत ती वस्तू कुणाला तरी देऊन झालेली असे. माझ्या नवऱ्याची, मंदारची, शाळेतली क्रिकेटची पॅडं अशीच गेली. दिवंगत सासऱ्यांचा रेडिओसुद्धा गेला. मुलुंडच्या आमच्या छोट्याशा घरात हातपाय पसरायला जागा होती ती त्यांच्या या सवयीमुळेच. आणि अशा घरात मी लग्न होऊन आले ती माझा गेमिंग कॉम्प्युटर घेऊन.

मरोळला डिझायनरची पहिली नोकरी करत असताना एकेक भाग जमवून मी तो जोडला होता. भलामोठा डबा, एका बाजूला काच, आत निळे दिवे. टेम्पोतून तो उतरवून दारात ठेवला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो चारी बाजूंनी पाहिला आणि त्यांचा तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, मी वापरते, रोज. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग खिडकीशी ठेव. काळोखात डोळे फोडू नकोस." आणि खिडकीतली स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी दाराजवळ नेली.

आई अंधेरीच्या एका विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या. उंची जेमतेम पाच फूट, बोलणं तुटक, गोड बोलायचा कंटाळा. माझं कधी तोंडावर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. पण मी ऑफिसातून येऊन खेळायला बसले की त्या मेथी निवडायला घेऊन मागे येऊन बसत. आमची तिघांची टोळी होती: मी, दहिसरची रेश्मा आणि नागपूरचा तुषार. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, खेळातच ओळख झालेली. आईंना खेळ फारसा कळत नसे. धडाधड गोळ्या सुटल्या की त्या शांतपणे विचारत, "मेलं ते आपलं की त्यांचं?"

मग माझी मुलगी ईरा झाली आणि खेळ बंद पडला. कॉम्प्युटरवर जुनी चादर आली, चादरीवर डायपरचे गठ्ठे आले. एकदा ती झोपलेली असताना मी तो सुरू केला, तर आतला पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, खेळ मधेच अडकला आणि ईरा उठली. मंदारचं म्हणणं होतं की हा विकून एक चांगला लॅपटॉप घेऊ, सगळ्यांनाच उपयोग होईल. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मीच ऑनलाइन जाहिरात टाकली आणि भांडुपहून एकजण रविवारी पाहायला येतो म्हणाला.

आदल्या दिवशी शनिवार होता. आई फिरत फिरत खिडकीशी आल्या. चादरीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोण वापरतं?"

"कुणीच नाही, आई."

मला वाटलं, आता त्या मान हलवून पुढे जातील. पण त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या की त्या कचेरीत कॅरम खेळायच्या, बायकांच्या स्पर्धेत दरवर्षी त्यांचंच नाव असायचं. मंदार झाल्यावर बोर्ड कपाटामागे गेला आणि एक दिवस त्यांनी तो शेजारच्या मुलांना देऊन टाकला. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मंदारलाही ठाऊक नव्हतं.

"कुणी मागितला नव्हता गं," त्या म्हणाल्या. "सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, कुणीच नाही. मीच दिला. सगळे म्हणाले, किती समजूतदार आहे. मलाही बरं वाटलं. पुढे एकदा कचेरीत मॅच बघायला उभी राहिले तर हात नुसते शिवशिवायला लागले. बाथरूममध्ये जाऊन रडले."

मग त्यांनी विचारलं, "तू दमलीयेस म्हणून विकतेस, की नकोय म्हणून?" माझे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि मंदारला म्हणाल्या, त्या भांडुपवाल्याला फोन करून नाही म्हणून सांग.

सोमवारी ईराला मंदारकडे सोपवून आम्ही दोघी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार समजावून सांगत होता. नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर पॉवर सप्लाय बदलावा लागेल, प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल. त्यापेक्षा सगळंच नवीन घेतलेलं बरं. मी माना डोलावत होते. आई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुला नक्की काय खेळायचंय?" नवेनवे खेळ मला नकोच होते. मला रेश्मा आणि तुषारबरोबरचा आमचा तोच जुना खेळ हवा होता. ते ऐकल्यावर दुकानदारच म्हणाला, मग एवढा खर्च कशाला. मेमरी वाढवू, जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी टाकू, पंखे बदलू. डबा तोच राहिला.

त्या आठवड्यापासून संध्याकाळी एक तास ईरा आईंच्या मांडीवर आणि मी खिडकीशी, असं ठरून गेलं. मंदारने लवकर येऊन कुकर लावायचा, हेही आईंनीच ठरवलं. माझ्या माइकमधून त्यांचा आवाज पलीकडे जायचा. हळूहळू खेळ त्यांना समजायला लागला, आणि "तुषार, मागे बघ रे" असं त्या परस्पर सांगायला लागल्या. त्या तासाने मला काय दिलं ते मोजता येणार नाही. मी पुन्हा हसायला लागले, कामावर परतले, माणसात आले.

गेल्या वर्षी आई गेल्या. छातीत दुखायला लागलं, इस्पितळात नेलं, दोन दिवसांत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी घरात नातेवाईक बसलेले असताना दारात एक अनोळखी मुलगी उभी राहिली. उन्हातून आलेली, चेहरा रडून सुजलेला. तिने तोंड उघडल्यावर आवाजावरून मी ओळखलं. आई गेल्याचा माझा मेसेज वाचून दहिसरहून रेश्मा आली होती.

तिने फोटोला हात जोडले, बराच वेळ पाहत राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं ना. आवाजावरून मला वाटायचं, खूप उंच असतील."

मी म्हटलं, होत्याच.