कथलाचा थेंब

"वायर विकणं हा काय गुन्हा आहे का?" हे वाक्य मिस्त्रीच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की कुणी काही विचारायच्या आधीच ते बाहेर पडायचं. न विचारता उत्तर देणारा माणूस कसा असतो, ते काय सांगायला हवं?

दुचाक्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान वस्तीच्या टोकाला होतं, रस्ता रानाकडे वळतो तिथं. पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन, आणि भिंतीवर खिळ्याखिळ्याला लटकलेल्या जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या वायरी. कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. वायर कापली की टोकाच्या तारा विस्कटतात. बाकीचे मेकॅनिक तशाच बसवून देतात. हा नाही. हा टोक घासून लख्ख करणार, तापलेल्या सळईनं त्यावर कथलाचा डाख देणार आणि शेवटी मोहरीएवढा गोल थेंब सोडणार. बोट फिरवलं तर कुठे टोचायचं नाही. "काम असावं तर असं!" तो स्वतःच म्हणायचा. दुसरं कुणी म्हणेपर्यंत त्याला दम निघायचा नाही.

याच वायरी रानात जाऊन फास व्हायच्या.

नेणारे कोण? उपाशीतापाशी माणसं? नाव काढू नका! एक होता नाक्यावरचा हॉटेलवाला. त्याला खास गिऱ्हाइकांसाठी 'वेगळं मटण' लागायचं. दुसरा रस्त्याचा ठेकेदार. त्याच्या साहेबांच्या घशाखाली आताशा कोंबडी उतरत नव्हती. तिसरा ठेकेदाराचा मेहुणा. त्याला खायलाही नको होतं, मेलेल्या जनावराच्या डोक्यावर पाय ठेवून फोटो काढला की त्याचं पोट भरायचं. चूल एकाचीही थंड नव्हती. पोटं तर अशी सुटलेली, की खाली वाकून फास बांधताना धाप लागावी. आणि मर्दुमकी कसली, तर पायवाटेवर वायर बांधायची आणि घरी जाऊन घोरत पडायचं. वर हॉटेलवाला शिकवणीही घ्यायचा, "मिस्त्री, जनावर रोजच्याच वाटेनं जातं. दुसरी वाट त्याला सुचतच नाही. फास तिथंच लावायचा."

"मला काही सांगू नका हो," मिस्त्री कानांवर हात ठेवायचा. "मी वायर विकली. तुम्ही तिच्यावर कपडे वाळत घाला, नाहीतर आणखी काही करा."

कपडे म्हणे! मग फास अडखळू नये, सरसर आवळावा म्हणून टोकाला थेंब कोण देत होतं? तोही कुणी मागितला नसताना? करून सवरून नामानिराळं राहणं म्हणतात ते हेच.

या माणसाला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. लेकीच्या नजरेतून आपण उतरू नये. बायको गेली तेव्हा पोरगी आठ वर्षांची होती. शाळा सुटली की ती दुकानात यायची, बाकावर अभ्यास करायची, तिथंच पेंगायची. त्यानं तिला एकट्यानं वाढवलं, शिकवलं. ती जनावरांची डॉक्टर झाली आणि शेजारच्या शहरात वनखात्याच्या दवाखान्यात लागली. "आमच्या डॉक्टरीणबाई" असं म्हणताना मिस्त्री दोन इंच उंच व्हायचा. ती घरी येणार असली की मात्र भिंतीवरच्या सगळ्या वायरी आतल्या पेटीत जायच्या. का बरं? वायर विकणं गुन्हा नाही ना? मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

चार-पाच वर्षांत रान रिकामं झालं. हरणं संपली, ससे संपले. फासाला काय, कोण आलंय ते कळत नाही. त्यात साळिंदर सापडलं, एक गाभण गाय सापडली. मग बिबट्या वस्तीत यायला लागला. लंगडत यायचा. आधी शेळ्या नेल्या, मग कुत्री. मिस्त्रीचा कुत्रा दुकानाच्या दारात साखळीला बांधलेला असायचा. एका सकाळी साखळी आणि पट्टा तेवढा उरला होता.

मिस्त्री रडला. खरोखर रडला, त्यात खोट नाही. मग डोळे पुसून वस्तीच्या बैठकीत गेला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला, "गोळी घाला त्याला! एवढं रान पडलंय, इथं कशाला येतो मरायला?" हॉटेलवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ठेकेदारानं मान डोलावली. चोर तर चोर वर शिरजोर, आणि पुढच्या खुर्च्याही त्यांनाच!

वनखात्यानं गोळी घातली नाही. पिंजरा लावला, बिबट्या धरला आणि दवाखान्यात नेला. चौथ्या दिवशी सकाळी लेक न सांगता दुकानात आली. बरोबर वनरक्षक. मिस्त्रीला वायरी उतरवायला वेळच मिळाला नाही. पण तिनं भिंतीकडे पाहिलंही नाही. प्लास्टिकची एक पिशवी बाकावर ठेवली. आत वायरीचा काळपट फास होता.

"बिबट्याच्या पुढच्या पायात रुतला होता," ती म्हणाली. "वर कातडी वाढली होती. पाय कुजला, काढावा लागला. पळता येत नव्हतं म्हणून तो बांधलेली कुत्री धरत होता, बाबा. आता जन्मभर पिंजऱ्यातच राहील."

"अरेरे! कोण हरामखोर असतील!" मिस्त्री म्हणाला.

"तुमच्याकडची नाही ना ही वायर?" वनरक्षकानं विचारलं.

"छे हो! असल्या वायरी गावोगाव मिळतात."

लेकीनं पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "नीट बघून सांगा, बाबा."

"बघितली की. माझी नाही."

तिनं पिशवी उचलली आणि वनरक्षकाकडे वळली. "नसणारच. कुणा गबाळ्याचं काम आहे हे. टोकाचा डाख बघा, नुसता थापलाय. बाबा असलं काम हातात धरायचे नाहीत."

"हो, नवशिक्याचं दिसतंय," वनरक्षक म्हणाला.

आता गप्प बसायचं होतं. बस्स, एवढंच! उभ्या जन्मात तोंड मिटून एकदा उभा राहिला असता तर सुटला असता गडी.

"थापलाय?" मिस्त्री उसळला. पिशवी हिसकावून त्यानं थेंबावर बोट ठेवलं. "डोळे फुटलेत का तुमचे? इतके दिवस मांसात कुजत पडली, तरी एक तार सुटली नाही! असा थेंब सोडणारा दुसरा दाखवा, मिशी उतरवून देतो. हा माझा हात आहे, माझा!"

बोलून गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. वनरक्षकानं खिशातून वही काढली.

"अगं, तू..." मिस्त्री लेकीला म्हणाला.

"पाय कापतानाच थेंब ओळखला होता," ती म्हणाली. "आठ वर्षांची होते, तेव्हा याच बाकावर तुम्ही मला तो थेंब सोडायला शिकवलं होतं. येताना वाटभर म्हणत होते, विचारलं की बाबा खरं सांगतील. दोनदा विचारलं."

"वायर विकणं हा काय..." त्यानं सुरुवात केली. रोजच्याच वाटेनं.

ती ऐकत नव्हती. भिंतीवरची एकेक वायर काढून, टोकावरून बोट फिरवून ती वनरक्षकाच्या हातात देत होती. मिस्त्रीचं काम इतकं बारकाईनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"ही पण," ती म्हणत होती. "ही पण बाबांचीच. लिहा."